पाच दिवसांची घट

लिफाफा एका बाजूने आधीच कापलेला होता आणि प्रभुलिंगला पहिला राग आला तो त्या कापण्याचा; आतल्या मजकुराचा राग यायला अजून अवकाश होता. राजारामपुरीतल्या त्या कार्यालयात, परदेशी इमारतींच्या रंगीत चित्रांखाली बसून स्वप्नाली नावाची मुलगी रोज असे लिफाफे कापत असे. मुलांना परदेशी शिकायला पाठवण्याचे कागद तयार करणे हा त्या कार्यालयाचा धंदा. "काका, बसा की," असे म्हणून तिने खुर्ची स्वतः पुढे सरकवली, तेव्हाच त्याला समजायला हवे होते. गेल्या चार महिन्यांत तिने कुणासाठी खुर्ची सरकवलेली त्याने पाहिली नव्हती. पत्र इंग्रजीत होते. त्याला इंग्रजी अक्षरे लागत, वाक्ये लागत नसत. पण मधल्या परिच्छेदातल्या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि त्या ओळीत दोन तारखा होत्या. तारखा वाचायला कोणतीच भाषा यावी लागत नाही.

"व्हिसा नाकारलाय, काका."

"ते तुझ्या तोंडावर दिसतंय. का, ते सांग."

"सोळा ऑक्टोबर ते वीस ऑक्टोबर. पाच दिवस खात्यात पैसे कमी होते म्हणत्यात. अठ्ठावीस दिवस सलग पाहिजेत. एक दिवस बी खाली गेलेलं चालत न्हाई. मी सांगितलतं की तुमाला, दोनदा."

"किती कमी होते?"

तिने गणकयंत्रावर आकडे मोजले, थांबली, पुन्हा मोजले. "तीनशे सत्तर रुपये." मग तिला हसू आवरेना; ते क्रूर हसू नव्हते, थकलेल्या माणसाचे होते. "काका, माझी चप्पल ह्याच्यापेक्षा महाग हाय! कुणी सांगितलतं काढायला?"

"काढले न्हाईत."

"मग काय उडून गेले?"

"काढले, पण खर्च न्हाईत केले. लक्ष्मीपूजनाला घरी आणले. बुधवारी परत भरले. त्याच नोटा. गड्डीची कागदी पट्टीसुद्धा फोडली नव्हती."

स्वप्नालीने त्याच्याकडे असे पाहिले, की वयाने आपण तिच्या वडिलांच्या जागी आहोत हे त्याला क्षणभर विसरायला झाले. "आता त्या दिल्लीतल्या नाहीतर कुठल्या सायबाला तुमची पट्टी कुठनं दिसणार, काका?" ती म्हणाली. फेरविचाराचा अर्ज करता येतो का, असे त्याने विचारले. येतो, ती म्हणाली. पण कागद तपासताना त्या अधिकाऱ्याची काही चूक झाली असेल तरच. नवीन कागद जोडता येत नाही, खुलासा देता येत नाही. "इथं त्याची काय चूक झाली, सांगा तुमीच." वाद घालण्याची प्रभुलिंगची हौस त्याच्या हुपरी गावात प्रसिद्ध होती. वजनमापाच्या निरीक्षकाला त्याने एकदा काट्याच्या पारड्यावरून वाद घालत दीड तास उभे केले होते. आता समोर निरीक्षक नव्हता, एक ओळ होती. त्या ओळीतली चूक त्याने प्रामाणिकपणे शोधून पाहिली. ती बिनचूक होती.

कसबा बावड्याची बस मिळायला वेळ लागला नाही, याचेही त्याला वाईट वाटले. घर गाठायला जितका उशीर होईल तितका हवा होता. डिसेंबरातले दुपारचे ऊन खिडकीतून मांडीवर पडत होते आणि लिफाफा त्या उन्हात तापत होता. तो उलटा करून त्याने सदऱ्याच्या खिशात घातला, पुन्हा काढला, शेवटी पिशवीत टाकला. लेकीला, सौंदर्याला, काय सांगायचे, याची वाक्ये तो मनात रचू लागला. पहिले वाक्य असे होते: नियम चुकीचा आहे. दुसरे: नियम बरोबर आहे पण आपल्याला लागू होत नाही. तिसरे वाक्य त्याला रचता येईना.

सप्टेंबरात स्वप्नालीने नियम समजावून सांगितला, तेव्हा तो त्याला आवडला होता, हे आता आठवून त्याला विचित्र वाटले. मुलीची वर्षाची फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च मिळून अकरा लाख चाळीस हजार रुपये आईबापांच्या खात्यात अठ्ठावीस दिवस असले पाहिजेत. एका दिवसासाठी आणून दाखवलेला पैसा चालणार नाही. बरोबरच आहे, तो म्हणाला होता; भट्टीतून काढल्याबरोबर चांदीचा कस कोण सांगतो? निवू द्यावी लागते. त्यावर स्वप्नालीने आवाज उतरवून सांगितले होते, की पैसे नसतील तर काळजी नको, अठ्ठावीस दिवसांसाठी खात्यात पैसे ठेवणारी माणसे शहरात आहेत, टक्क्याने घेतात. "सगळी तसंच करत्यात, काका." तो खुर्चीवरून उठलाच होता. माझ्या पोरीसाठी मी दुसऱ्याचा पैसा माझा म्हणून दाखवू? ज्यांनी तसे दाखवले त्यांच्यातली तीन मुले येत्या जानेवारीत जाणार होती. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला त्या पैशातली गड्डी नेण्याचा प्रश्नच आला नसणार. पैसा त्यांचा नव्हता. हा विचार भगव्या चौकाच्या अलीकडे, उसाच्या ट्रॅक्टरमागे बस अडकली असताना त्याच्या मनात आला, आणि तो इतका सुबक होता की त्याला त्याची किळस आली. आपल्याला सगळ्याचे सुबक वाक्य करता येते, तेवढेच येते.

पैसा त्याचाच होता, पण पैसा म्हणून तो वर्षातून फार थोडे दिवस असे. एरवी तो चांदी असे. हुपरीतल्या त्याच्या कारखान्यात, म्हणजे जुन्या घराच्या दोन खोल्यांत, तार ओढली जाई. मग ती तार वजन करून गावातल्या बारा घरी जाई. तिथल्या बायका पैंजणांच्या कड्या जोडत, घुंगरू लावत, आणि आठवड्याने तोच माल वजन करून परत येई. जाताना आणि येताना काटा तोच. दिवाळीच्या बाजारासाठी सगळा माल दसऱ्याच्या सुमारास विकला जाई आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईसाठी पुन्हा चांदी खरेदी होई. त्या मधल्या महिन्याभरात घरातली बेचाळीस किलो चांदी बँकेत पैशाच्या रूपाने विसावा घेई. वर्षात दुसरा असा महिना नव्हता. त्याहून जास्त दिवस पैसा अडकवला तर बारा घरांच्या चुली थंड पडतात आणि कारागीर दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून अठ्ठावीस दिवस निवडायचे ते हेच, असे त्याने ठरवले; प्रत्यक्ष फी पुढे लग्नसराईच्या विक्रीतून हप्त्यांनी भरायची होती. सहा ऑक्टोबर ते दोन नोव्हेंबर. विक्रीच्या दोन दिवस आधी भाव उतरला, त्यामुळे रक्कम जेमतेम जमली: लागणाऱ्या पैशांवर सहाशे तीस रुपये अधिक. त्या सहाशे तीस रुपयांचा त्याला अभिमान वाटला होता. जोतीराम नावाच्या त्याच्या जुन्या कारागिराने तेव्हा विचारले होते, "मालक, थोडी ढील ठेवायची न्हवती व्हय?" आणि तो म्हणाला होता, "काटा बरोबर असला की ढील कशाला लागती रं?"

आणि त्या अठ्ठावीस दिवसांच्या मधोमध लक्ष्मीपूजन होते. ते दरवर्षीच असते.

त्याच्या वडिलांनी, नागाप्पांनी, बँकेत पहिल्यांदा खाते उघडले त्या वर्षी ही पद्धत पाडली होती. पैसा डोळ्यांआड दुसऱ्याच्या इमारतीत ठेवायचा हे त्यांना पटत नव्हते, आणि घरात ठेवायचे धाडस उरले नव्हते. तडजोड त्यांनीच काढली. दिवाळीला दहादहाच्या शंभर कोऱ्या नोटांची गड्डी आपल्या खात्यातून काढायची, न फोडता घरी आणायची, तराजू आणि हातोड्यांच्या शेजारी पाटावर ठेवायची आणि भाऊबीज झाली की पुन्हा खात्यात नेऊन भरायची. ती खर्चायची नाही. उसनी आणायची नाही. लेक माहेरी येते तसा पैसा चार दिवस घरी येतो, असे ते म्हणत. बँकेचे व्यवस्थापक बदलत गेले, पण प्रत्येक नवा व्यवस्थापक जुन्याकडून हे ऐकून असे आणि दिवाळीआधी एक कोरी गड्डी बाजूला काढून ठेवी. चौऱ्याण्णव साली सौंदर्याच्या शाळेसाठी प्रभुलिंगने बावड्याला घर घेतले, तेव्हा पाट, तराजू आणि पूजा बावड्याला आली. कारखाना आणि खाते हुपरीतच राहिले. गड्डी तेव्हापासून बसने येऊ लागली. त्याची बायको गंगव्वा गड्डीवर हळदीकुंकवाची बोटे उठू नयेत म्हणून दुरूनच अक्षता टाकी. नोटा परत कोऱ्याच गेल्या पाहिजेत.

शुक्रवार, सोळा ऑक्टोबर. तो दिवस त्याने आता बसमध्ये पुन्हा पहिल्यापासून जगायला घेतला, कारण इतका वेळ तो ज्याच्याभोवती फिरत होता ते तिथे होते. आपण विसरलो होतो, असे सांगता आले असते. माणूस विसरतो. पण तो विसरला नव्हता. पैसे काढण्याची चिठ्ठी लिहिताना 'एक हजार' हे शब्द लिहून झाले आणि त्याचा हात थांबला होता. अठ्ठावीस दिवस, हे त्याच्या मनात आले होते. स्वप्नालीचा आवाजही आला होता. मग त्याने, बँकेच्या त्या उंच टेबलाशी उभे राहून, सवयीप्रमाणे वाद घातला. चांदी बारा घरी जोडणीला जाते, तेव्हा आपली चांदी कमी झाली असे आपण म्हणतो का? कारखान्यात त्या दिवशी कुणी येऊन मोजली तर पेटीत काहीच सापडणार नाही. पण मालकाला विचारा, तो सांगेल, बेचाळीस किलो आहे. जे परत येण्यासाठीच बाहेर पडले ते गेलेले नसते. घट धरायची ती वितळवताना जळते त्याची, किंवा कानशीने झिजते त्याची. ह्या हजारातला एक रुपया जळणार नाही, झिजणार नाही. मग घट कुठे आहे? हा युक्तिवाद त्याने चिठ्ठीवर सही करण्याआधी पूर्ण केला होता. त्यात फट नव्हती. आजही नव्हती. दोन आयुष्ये, बापाचे आणि स्वतःचे, बारा घरांच्या आणि त्यांच्या काट्यांच्या साक्षीने तो खरा ठरला होता. फक्त त्या कागदापुढे तो युक्तिवाद नव्हताच, काही नव्हते, एका रकान्यातला कमी आकडा होता.

बसच्या खिडकीला गालाची बाजू टेकून त्याने डोळे मिटले. काच थरथरत होती आणि ती थरथर दातांत उतरत होती. या युक्तिवादाच्या मागे आणखी काही उभे होते का, हे त्याला पाहायचे नव्हते, पण डोळे मिटल्यावर तेच दिसू लागले. सौंदर्या आठ-नऊ वर्षांची असताना एकदा त्याच्याबरोबर हुपरीला आली होती; शहाण्णव साल असेल. कोपऱ्यात पडलेले जुने पैंजण उचलून तिने विचारले, चांदी काळी का पडते. हवेने, तो म्हणाला. हवेतल्या कशाने? त्याला सांगता आले नाही. "सगळी हवा काळी करत आसंल तर भांडं काळं का न्हाई पडत, अप्पा?" जोतीराम हसला होता, "मालक, तुमच्यापरास तिखट हाय की ही!" आणि त्याला अभिमान वाटला होता, आणि त्या अभिमानाच्या बुडाशी, कपात राहिलेल्या चोथ्यासारखे, आणखी काही साचले होते. आपल्याला जिथे बोलता येत नाही तिथे ही मुलगी जाणार. धातूंचे शास्त्र शिकायला ती निघाली, तेव्हा ते पुन्हा ढवळले गेले. जाऊ नको, असे तो एकदाही म्हणाला नव्हता. बेचाळीस किलो चांदीचा पैसा त्याने तिच्यासाठी उभा केला होता. तरीही त्या शुक्रवारी हात थांबला आणि मग पुन्हा चालू लागला, त्या दोन क्षणांच्या मधे कुणीतरी होते. ते नागाप्पा होते की गंगव्वा, की ज्याला लेक जायला नको होती असा एखादा प्रभुलिंग, हे तपासायला त्याच्यापाशी काटा नव्हता. त्याने स्वतःला आरोपीसारखे उभे करून विचारले. आरोपीने सुबक उत्तर दिले. त्या उत्तरावर त्याचा विश्वास बसला नाही.

बावड्यात उतरला तेव्हा साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास नेहमीसारखा घशात बसला. गळीत सुरू झाल्यापासून चिमणीतली काळी काजळी घराघरांवर पडत असे. गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून घ्यावे लागत. सौंदर्या गच्चीवरच होती. एक एक कपडा ती उन्हाकडे धरून पाही, काजळीचे कण हलक्या हाताने फुंकून उडवी, बोटाने पुसत नसे. पुसले की डाग पसरतो. तो जिना चढून वर आला तरी तिने मागे पाहिले नाही.

"आलं?" तिने विचारले.

"आलं."

"न्हाई म्हणालेत न्हवं?"

तयार केलेली वाक्ये त्याने शोधली. नियम चुकीचा आहे. नियम आपल्याला लागू होत नाही. त्याने लिफाफा तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही; हातातल्या चादरीची घडी पुरी केली.

"अप्पा, मला दिसलतं."

"काय दिसलतं?"

"सोळा तारखेची ओळ. बँकेचा उतारा आणला, त्याच दिवशी." ती अजूनही चादरीकडेच पाहत होती. "तीनशे सत्तर कमी होते. मी मोजलतं."

खाली रस्त्यावरून उसाची गाडी गेली आणि गच्चीचा कठडा थोडा हलल्यासारखा झाला. "मग बोलली का न्हाईस?" हा आपला आवाज इतका मोठा का झाला, हे त्याला कळले नाही.

"कवा बोलू? तुमी त्याच सकाळी चांदी घेऊन आलता. जोतीरामकाकांच्या हातात लगडी दिल्या. घरोघरी तार गेलती. परत अठ्ठावीस दिवस पैसा अडकवायचा, तर त्या बायकांच्या हातातनं तार काढून घ्यायची व्हय? कुणी काढून घेतली असती? तुमी?" तिने चादर बाजूला ठेवली. "मी म्हटलं, बघणार न्हाईत. इतक्या कागदात एक ओळ कोण बघतंय."

"बघितली की."

"बघितली."

त्याने दिवस मोजले. मोजण्यावाचून त्याला दुसरे काही सुचत नव्हते. उतारा आणला त्या तीन नोव्हेंबरपासून आजपर्यंत त्रेचाळीस दिवस. त्रेचाळीस दिवस ही मुलगी त्याच्यासमोर जेवायला बसली होती, तिथल्या थंडीला स्वेटर पुरेल का, हे त्याच्याशी बोलली होती, आणि ही ओळ तिने एकटीने सांभाळली होती. तिने ओरडावे असे त्याला वाटले. तिने म्हणावे, तुमच्या पूजेपायी माझे वर्ष गेले. तो त्यावर वाद घालू शकला असता, हरू शकला असता. हरण्यालाही समोर कुणी लागते. पण ती ओरडली नाही. तिने फक्त पुढचा कपडा दोरीवरून काढला. तो त्याचाच सदरा होता. त्यावरची काजळी तिने फुंकली, आणि फुंकताना ती रडते आहे हे त्याला तिच्या खांद्यांवरून दिसले. पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा, इतके साधे काम होते. हात जागचा हलला नाही. त्या चिठ्ठीवर सही केली ती याच हाताने, हे तिलाही ठाऊक होते.

जिन्यावर बांगड्या वाजल्या. गंगव्वा गुडघ्यांवर हात देत वर येत होती.

"काय वं, कागद आला म्हणं? ती शेजारची अंबूबाई सांगाय लागली, पाकीट घेऊन येताना बघितलं म्हणून." तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "गप का? काय झालं?"

सौंदर्याने सदऱ्याने तोंड पुसले. आता त्यावर डाग पसरणार, असे त्याच्या मनात आले. "आलं अव्वा. जागा भरल्या म्हणत्यात."

"जागा भरल्या?"

"व्हय. उशीर झाला म्हणत्यात."

गंगव्वा मुलीकडे न पाहता नवऱ्याकडे वळली. तीस वर्षांत त्याने तिला वादात कितीदा तरी हरवले होते. खोटे एकदाही सांगितले नव्हते, आणि त्याच भरवशावर ती विचारत होती. "खरं म्हणती व्हय ही?"

त्याच्यापाशी खरे होते. ते इतके लहान होते की एका वाक्यात मावले असते. पण त्या वाक्यात पाट होता, तराजू होता, आणि दुरून अक्षता टाकणारा तिचा हात होता. आपल्यासाठी गप्प राहिलेल्या मुलीने आता आईसाठी बोलून टाकले होते आणि पुढची जागा त्याच्यासाठी मोकळी सोडली होती. त्याने मुलीकडे पाहिले. ती कपडे मोजत होती.

"व्हय," तो म्हणाला. "भरल्या."

"मग चार म्हयनं कशाला नाचवलं पोरीला? आदी सांगायला तोंड न्हवतं व्हय त्यास्नी?" गंगव्वाने पदर खोचला, सौंदर्याच्या हातातला ढीग ओढून घेतला. "चल खाली. गरम भाकरी खा. भाड्यांनी माझ्या लेकीला रडवली." मग जिन्याच्या तोंडाशी थांबून, आवाज एकदम खाली आणून तिने विचारले, "आपल्याकडनं काय ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

दोघी खाली गेल्या. तो कठड्याशी उभा राहिला. पत्राला उत्तर द्यायला त्यांनी काही दिवस दिले होते. त्या दिवसांत लिहिण्यासारखे काय आहे, हे तो सवयीने पुन्हा जुळवू लागला, आणि एकेक वाक्य उभे राहण्याआधीच बसत गेले. खालून, परसातून, अंबूबाईचा आवाज आला; काय झालं हो, काय म्हणाले? भिंतीपलीकडे ऐकू जावे म्हणून गंगव्वा ठणकावून बोलत होती, आणि तिच्या आवाजात दुःखापेक्षा अभिमान अधिक होता.

"जागाच भरल्या की वं त्यांच्या! आमच्याकडनं काय बी कमी न्हवतं. ह्यांनी पै न् पै दाखवलीया."